बेघरांची मोजणी: लॉकडाऊनमध्ये काय मोजलं, काय सुटलं?

रात्रपाळी

जनगणनेच्या बातम्या सुरू झाल्या आहेत. संदर्भ तारीख 1 मार्च 2027. जातीचा रकाना, मोबाईलवरून स्वतः माहिती भरणं यावर इथे दोन धागे पळतच आहेत, म्हणून हा तिसरा: ज्यांना घर नाही त्यांच्याबद्दल.

2011 ला बेघरांसाठी एक वेगळी रात्र ठेवली होती, 28 फेब्रुवारीची. त्या एका रात्रीत देशभरात 17.7 लाख माणसं मोजली गेली. महाराष्ट्रात 2 लाखांवर, मुंबईत सुमारे 57 हजार. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा हातात हाच आकडा होता, नऊ वर्षं शिळा. 2021 ची जनगणना कोविडमुळेच पुढे गेली, त्यामुळे जनगणनेचा आकडा म्हणून आजही तोच 57 हजार पुढे येतो.

मी त्या काळात मुंबईत एका गटाबरोबर जेवण वाटायला जायचो. सुरुवातीला आम्हाला वाटलं होतं, आपली माणसं ठरलेली आहेत: पुलाखालची, देवळाबाहेरची, स्टेशनची. दुसऱ्या आठवड्यात रांगेत वेगळेच चेहरे दिसायला लागले. हॉटेलात वेटर, रात्री टेबलं जोडून तिथेच झोपणारे. हॉटेल बंद, मालक गावी, शटरला कुलूप. जरीच्या कारखान्यातली पोरं, मशीनखाली झोपणारी. लग्नाच्या मंडपाचे कामगार. यांच्यातला एकही माणूस 20 मार्चला कोणाच्या व्याख्येत बेघर नव्हता. काम आणि छप्पर एकच असलेली किती माणसं या शहरात आहेत, याची नोंद कोणाकडेच नव्हती.

आता मुद्द्यावर येतो. पालिकेच्या शाळेत उघडलेल्या एका तात्पुरत्या निवाऱ्याचं रजिस्टर मी रोज बघायचो, कारण जेवणाची पाकिटं त्यावरून ठरायची. क्षमता 80, हजर 74. वर अहवाल जायचा की सहा जागा शिल्लक, म्हणजे मागणी भागली. आणि त्याच दिवशी फाटकावरून एक कुटुंब परत गेलेलं मी पाहिलं होतं: नवरा-बायको, दोन मुली, म्हातारी आई. निवारा फक्त पुरुषांचा. वॉचमन वाईट नव्हता, त्याने पाणी दिलं, पुढच्या चौकात चौकशी करा म्हणाला. पण रजिस्टरमध्ये त्या पाच जणांची ओळ नाही. येत नाहीत अशी ज्यांच्याबद्दल समजूत असते, ती माणसं खरं तर येऊन परत गेलेली असतात.

तर माझं म्हणणं एवढंच की आपण आत आलेली माणसं मोजतो आणि दारातून परत गेलेली मोजत नाही. साथीच्या काळात दुसरा आकडाच कामाचा. तुमच्याकडचे अनुभव लिहा. सरकारी यंत्रणेत काम केलेलं कोणी असेल तर आवर्जून.

लोकलवाला

22 मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या आणि स्टेशनांना टाळी लागली. फलाट, पादचारी पूल, तिकीट खिडकीसमोरची जागा, इथे झोपणारे सगळे एका रात्रीत बाहेर. ते गेले कुठे? आमच्या भागात तरी ते रेल्वेच्या हद्दीतून पालिकेच्या हद्दीत आले, म्हणजे जिन्याखालून फुटपाथवर. रेल्वेच्या लेखी प्रश्न सुटला.

पैसे देऊन वापरायची शौचालयंही बरीच बंद होती, हे कोणी लिहीत नाही. बायकांचे त्यात जे हाल झाले ते झाले.

आकडेमोड

रात्रपाळी, चांगला धागा. थोडी भर आणि थोडा विरोध.

भर अशी. जनगणनेत बेघर म्हणजे जे ‘घर’ या व्याख्येत बसणाऱ्या बांधकामात राहत नाहीत ते: उघड्यावर, फुटपाथवर, मोठ्या सिमेंटच्या पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, फलाटावर, देवळाच्या आवारात. ताडपत्री ताणून चार बांबू ठोकले की मोजणाऱ्याच्या मर्जीवर गेलं. त्याने त्याला झोपडी म्हटलं तर ते कुटुंब बेघर उरत नाही. ही मोजणी एका रात्रीची, आणि काम बहुतेक शिक्षकांवर. दिवसभर शाळा करून आलेला माणूस रात्री पुलाखाली टॉर्च घेऊन किती फिरेल ते आपणच ठरवावं.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये शहरांसाठी प्रमाण घालून दिलं: दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक निवारा, वर्षाचे 365 दिवस, चोवीस तास उघडा. मुंबईची 2011 ची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख. म्हणजे 124 निवारे, 12,400 जागा. 57 हजारांत 12,400. प्रमाण तंतोतंत पाळलं तरी पाचातले जवळजवळ चार जण बाहेर. आणि प्रत्यक्षात मुंबई त्या 124 च्या जवळपासही कधी पोचलेली नाही.

विरोध असा की ‘परत गेलेले’ मोजायचे म्हटले तर एकच माणूस चार दारांवर जातो. चार ठिकाणी त्याची नोंद झाली तर मागणी चौपट दिसेल. याचं काय करणार?

अवांतर: एप्रिल 2020 च्या पहिल्या आठवड्यात केंद्राने सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या माहितीत देशभरात साधारण 22 हजार सरकारी मदत शिबिरं होती आणि त्यातली दोन तृतीयांशाहून जास्त एकट्या केरळात. केरळने काम चांगलं केलं यात वाद नाही. पण एवढी तफावत दिसली की मी आधी विचारतो, शिबिर म्हणजे काय हे प्रत्येक राज्याने एकाच अर्थाने धरलं होतं का?

थेम्सकाठ

इंग्लंडमधला अनुभव लिहिते. मी इथे एका काउन्सिलमध्ये (म्हणजे इथली पालिका) घरांच्या विभागात आहे, पण खाली लिहिते ते सगळं जाहीर आकड्यांवरून.

इथे दर वर्षी शरद ऋतूत प्रत्येक काउन्सिल 1 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबरच्या दरम्यान एक रात्र निवडते आणि रस्त्यावर झोपलेले मोजते किंवा अंदाज देते. 2019 चा आकडा संपूर्ण इंग्लंडसाठी 4,266. मग 26 मार्च 2020 ला मंत्र्यांचं पत्र आलं: रस्त्यावरच्या सगळ्यांना या शनिवार-रविवारपर्यंत आत घ्या. ‘एव्हरीवन इन’ म्हणून ती मोहीम ओळखली जाते. हॉटेलं रिकामीच होती, ती घेतली. मे महिन्यात मोजलं तर आत घेतलेल्यांची संख्या साडेचौदा हजारांच्या घरात. जानेवारी 2021 पर्यंत मदत मिळालेले सुमारे 37 हजार.

4,266 माणसं आत घ्यायला निघाले आणि आली साडेचौदा हजार. सगळी काही फुटपाथवरून आली नव्हती. कोणी मित्राच्या सोफ्यावरून, कोणी रात्रीच्या बसमधून, कोणी लॉकडाऊनमध्ये घरच्यांनी बाहेर काढलेलं. दार उघडल्यावरच कळलं की दाराबाहेर किती जण आहेत. त्यामुळे रात्रपाळींचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

आणखी एक गंमत बघा. 2020 च्या शरद ऋतूतल्या मोजणीत आकडा 2,688 वर आला आणि ‘बेघर घटले’ असे मथळे झाले. हजारो माणसं तेव्हा सरकारी खर्चाने हॉटेलात होती! त्यांच्याकडे घर नव्हतंच, फक्त त्या रात्री ती रस्त्यावर नव्हती.

आकडेमोड यांच्या प्रश्नाला लंडनमध्ये एक उत्तर आहे. तिथे ‘चेन’ नावाची नोंदवही आहे, संगणकावरची. रस्त्यावर फिरणारे कार्यकर्ते ज्याला भेटतात त्याची नोंद एकाच ठिकाणी होते, मग तो चार वेळा भेटो की चाळीस, धरतात एकच माणूस. 2020-21 या वर्षभरात तिथे 11,018 वेगवेगळी माणसं नोंदली गेली, आदल्या वर्षीपेक्षा थोडी जास्त. तोच लंडनचा 2020 च्या शरद ऋतूतला एका रात्रीचा आकडा मात्र काही शेकड्यांत होता.

खडूस_काका

मोजून काय करणार आहात? 57 च्या जागी 80 हजार निघाले तर 80 हजार खाटा येणार आहेत का?

आणि आपल्याकडे आधी गावाकडचं घर बंद करून इथे यायचं आणि मग सरकारने सोय करावी म्हणायचं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2021 मध्ये सांगितलंच होतं की बेघरांनीही देशासाठी काम करावं, सगळंच काही सरकार पुरवू शकत नाही. बरोबर सांगितलं.

रात्रपाळी

काका, त्याच निकालात पुढे काय आहे तेही वाचा ना. याचिका होती तीन वेळचं जेवण, पाणी, निवारा आणि स्वच्छतागृह मागणारी. न्यायालयाने हेही नोंदवलं की बेघर म्हणजे कोण आणि शहरात ते किती, याचा तपशील याचिकेत नाही. सार्वजनिक शौचालयं त्यांना मोफत वापरता येतील का याचा विचार सरकारने करावा असंही सुचवलं. आकडा नसला की काय होतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडणार नाही. कोर्टात उभं राहायचं तरी ‘किती’ ते सांगावं लागतं.

आणि काम करत नाहीत हे कोणी सांगितलं तुम्हाला? मी वर लिहिलेले सगळे कामावरचेच होते.

खडूस_काका

ठीक आहे. तेवढ्यापुरतं मान्य. बाकीचं नाही.

जावक_क्रमांक

मी एका नगरपालिकेत कारकून होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमच्या शहरात राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून एक बेघर निवारा चालायचा, कोविडमध्ये त्याचे मासिक अहवाल मी टाइप करायचो. म्हणून दोन गोष्टी आतल्या बाजूने सांगतो.

रजिस्टरचे रकाने असे: अनुक्रमांक, नाव, वय, स्त्री/पुरुष, मूळ गाव, ओळखपत्राचा प्रकार व क्रमांक, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही किंवा अंगठा. वरचं कार्यालय मागायचं ते तीनच आकडे: क्षमता, सरासरी उपस्थिती, टक्केवारी. उपस्थिती 60 टक्क्यांखाली गेली की पत्र यायचं, ‘कमी वापराबाबत खुलासा करावा’. ती वर गेली की मात्र कधी पत्र आलं नाही की अजून जागा हवी का. त्यामुळे चालवणाऱ्या संस्थेचा सगळा जीव टक्केवारीत. जे रोज येतात तेच बरे, नव्या माणसाची भानगड नको.

ओळखपत्राचा रकाना तर भयंकर. नियमात कुठेही आधार सक्तीचं म्हटलेलं नव्हतं. पण रकाना आहे म्हटल्यावर तो भरायचा, आणि भरता येत नाही म्हटल्यावर माणूसच नको. पाकीट मारलं गेलेला, दारूत हरवून बसलेला, घरातून नेसत्या साडीनिशी निघालेली बाई, हे सगळे तिथेच गळायचे. मे 2021 मध्ये केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणासाठी वेगळी पद्धत काढली, तेव्हा आमच्या तालुक्यात पहिल्यांदा ‘कागद नसलेली माणसं किती’ अशी यादी झाली. ती यादी लस संपल्यावर कुठल्या कपाटात गेली, विचारू नका.

परत पाठवलेल्यांसाठी वेगळं रजिस्टर करायला अडचण काहीच नाही. एक शंभरपानी वही पुरते. अडचण ही की ती वही कोणी मागत नाही.

परळकर

टाटा रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर राहणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक यांना कुठे धरायचं? बिहार, बंगाल, आसाम, आपल्या विदर्भातलेही असतात. गावाला घर आहे, शेत आहे, इथे केमो चालू आहे म्हणून महिनोन् महिने फुटपाथ. लॉकडाऊनमध्ये धर्मशाळा नवी माणसं घेईनात, गाड्या बंद म्हणून परतही जाता येईना. बेघर म्हणावं तर तेच रागावतात. आमचं घर आहे हो, असं म्हणतात.

पेठेतली

पुण्याचा अनुभव. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई पर्वतीच्या पायथ्याला भाड्याच्या खोलीत राहायच्या. नवरा रिक्षा चालवायचा. मार्चच्या शेवटी दोघांचंही काम बंद. (आम्ही पगार चालू ठेवला, पण त्यांची इतर पाच घरं होती.) राज्याच्या गृहनिर्माण खात्याने 17 एप्रिलला घरमालकांना सांगितलं होतं की किमान तीन महिने भाडं मागू नका, कोणाला काढू नका. मी ते वाचून त्यांना फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘ताई, कागद कुठाय माझ्याकडे? करार नाही, पावती नाही. मी भाडेकरू आहे हेच कोण मान्य करणार?’

जूनमध्ये मालकाने सामान दारात काढून ठेवलं. त्या बहिणीकडे गेल्या, एका खोलीत नऊ माणसं. मग बहिणीच्या नवऱ्याला कोविड झाला. तिथून निघून दिराच्या गॅरेजमध्ये. मग मुलांना गावी पाठवलं आणि नवरा रिक्षातच झोपायला लागला. या सगळ्यात त्या एकदाही फुटपाथवर झोपल्या नाहीत, म्हणजे तुमच्या कुठल्याच मोजणीत त्या नाहीत. निवाऱ्याच्या दारातही गेल्या नाहीत, म्हणजे रात्रपाळी, तुमच्या ‘परत गेलेल्यां’च्या वहीतही नाहीत.

मला वाटतं लवकर कळायचं असेल तर मोजणी भाड्यापासून सुरू करायला हवी. दोन महिन्यांचं भाडं थकलेली घरं वस्तीत किती, हे रेशन दुकानदाराला आणि आशाताईंना तोंडपाठ असतं.

आकडेमोड

पेठेतली, हा मुद्दा जबरदस्त आहे. फुटपाथ हा शेवटचा टप्पा, आणि आपण तिथूनच मोजायला सुरुवात करतो. +१.

भायखळा_ई

दोन गोष्टी राहिल्यात.

पहिली. मुंबईत हे काम पूर्वी झालेलं आहे. 1985 साली, फुटपाथवरच्या लोकांना हटवण्याबद्दलच्या ओल्गा टेलिस खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला त्याच वर्षी, ‘स्पार्क’ या संस्थेने फुटपाथवर राहणाऱ्यांची मोजणी केली. पाडापाडी होणार हे दिसत होतं आणि पालिका म्हणायची की ही तरंगती माणसं, आज आहेत उद्या नाहीत. जवळजवळ 6 हजार कुटुंबं, 27 हजार माणसं मोजली गेली. पुढे भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली आणि मोजणी, बचत, घराचे नकाशे हे सगळं त्याच करायला लागल्या. बाहेरचा माणूस टॉर्च घेऊन आला की चादरी डोक्यावर ओढल्या जातात. शेजारच्या फुटपाथवरची बाई आली की ती नावानिशी सांगते, या चादरीखाली तीन आहेत, तिकडच्या हातगाडीवरचा कामाला गेलाय, पहाटे येईल.

दुसरी गोष्ट भीतीची. महाराष्ट्रात 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिथल्यापुरत्या त्यातल्या बऱ्याचशा तरतुदी रद्द केल्या, आपल्याकडे नाही. गाडी आली की उचलून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेतात हे फुटपाथवरच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. त्यात पारधी कुटुंबं असतील तर पोलिसांचा अनुभव काय असतो ते मी इथे लिहीत नाही. अशा माणसाला तुम्ही वहीत नाव, वय, गाव विचारणार आणि तो सांगणार? साथीत तर अजून कठीण. नाव दिलं की क्वारंटाइनला उचलतील ही भीती वेगळी.

थेम्सकाठ

भायखळा_ई, ही भीती इथेही होती, वेगळ्या कारणाने. ज्यांच्या व्हिसावर सरकारी मदत घेता येत नाही अशी अट असते, ते एरवी काउन्सिलच्या दारात येतच नाहीत. ‘एव्हरीवन इन’मध्ये काही महिने ती अट बाजूला ठेवली गेली आणि तेव्हाच ते दिसले. त्यात आपले विद्यार्थीही होते. रेस्टॉरंटमधलं काम सुटलेले, आणि घरी आईवडिलांना काही न सांगणारे.

रात्रपाळी

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमच्या गटाने या पावसाळ्यापासून तीन निवाऱ्यांत वही ठेवायचं ठरवलं आहे, चालवणाऱ्या संस्था तयार आहेत. तुमचे मुद्दे धरून रकाने बदलले:

वेळ. एकटा की कुटुंब, त्यात किती जण. का परत गेले (जागा नाही / बायकांची सोय नाही / कागद नाही / आजारी किंवा नशेत / स्वतःच नको म्हणाले). काल रात्री कुठे झोपलात. त्याआधी भाड्याने राहत होतात का, आणि ते कधी सुटलं.

नाव नाही, गाव नाही. आकडेमोड, तुमच्या दुहेरी नोंदीसाठी फक्त एक प्रश्न: आज याआधी दुसऱ्या कुठल्या दारात जाऊन आलात का. पक्कं नाही, पण निम्मं तरी गळेल.

जावक_क्रमांक

‘आजारी’ आणि ‘नशेत’ एका रकान्यात नको. वॉचमन सगळ्यांनाच नशेत लिहील, ताप असला तरी. पुन्हा साथ आली तर तापाचाच आकडा लागणार आहे.

आणि वहीची पानं आधी क्रमांक टाकून घ्या, नाहीतर फाटतात.

रात्रपाळी

दोन्ही मान्य, जावक_क्रमांक. वेगळे केले.

परळकर

रात्रीच्या ड्यूटीचे वॉचमन, जे दिवसा बागेत झोपतात, ते कुठे?

भायखळा_ई

परळकर, म्हणूनच ‘काल रात्री कुठे झोपलात’ ऐवजी ‘झोपायची जागा कुठली’ असं विचारा. रात्र हा शब्द काढा. नाका कामगारांनाही तेच लागू आहे. पुढच्या रविवारी मी येईन, वही दाखवा. फुटपाथवरच्या दोघी-तिघींना घेऊन येते, त्या रकाने वाचून सांगतील काय चालेल ते.